ओटा किती उंच करू?

सप्टेंबर २०२५ मध्ये माझ्या खालाच्या घरात कंबरभर पाणी शिरले. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीला लागून गावाचा ओढा. गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातले, तालुक्याचे. नाव लिहीत नाही, कारण लिहिले की चर्चा तेवढ्या एका गावाची होईल. पाणी रात्री आले. खालाने नातवंडांना शेजारच्या स्लॅबवर चढवले, कुरआन शरीफ आणि रेशनकार्ड बरोबर घेतले. शिलाई मशीन मात्र खालीच राहिले. आठ दिवसांनी मी पुण्याहून गेलो तेव्हा मशीनची मोटर उन्हात वाळत ठेवली होती आणि भिंतीवर चिखलाची एक सरळ रेघ उमटली होती.

चहा झाल्यावर खालाने विचारले, "तू कंप्यूटर का पढ्या ना? फिर बता, अगले साल बी आएगा क्या पानी?"

मी शक्यता, टक्केवारी वगैरे सुरू केले. तिने हातानेच थांबवले. "वो छोड़. मिस्तरी आने वाला है. ओटा कित्ता ऊँचा करूँ, इत्ता बता."

मी दहा-बारा वर्षे सॉफ्टवेअर लिहितो. एवढी नेमकी मागणी मला कुठल्याही क्लायंटने दिलेली नाही, आणि इतके लाजिरवाणे गप्प बसायची वेळही कधी आलेली नाही. त्यानंतरच्या काही महिन्यांत, ऑफिस सुटल्यावर, मी त्या एका आकड्याच्या मागे लागलो. काय सापडले आणि काय सापडले नाही, ते लिहितो आहे. आपल्यापैकी अनेकांकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे आणि अनेकांची एक तरी खाला ओढ्याकाठी राहते.

आपला जिल्हा पावसासाठी हात पसरणारा. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळातल्या जनावरांच्या छावण्या आपण पाहिल्या आहेत. पाऊस यावा म्हणून ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का पढलेली माझ्या पिढीला आठवते. नगर शहर वसवणाऱ्या निजामशाहीने डोंगराच्या पायथ्यापासून खापरी नळांच्या नहरी आणल्या, कारण प्रश्न पाणी आणायचा होता. अहिल्याबाई होळकरांचा जन्म सीनाकाठच्या चौंडीचा; त्यांचे नावही विहिरी आणि घाटांशी जोडलेले. पाणी बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यापलीकडे कोणाला फारसा पडला नव्हता.

तो आता पडला आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला शेवगाव-पाथर्डी भागात एका रात्रीच्या पावसाने नद्या गावांत घुसल्या, जनावरे वाहून गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, आणि पुढे सीनेच्या काठाने थेट सोलापूर जिल्ह्यापर्यंत. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. म्हणजे ज्या मुलखात टँकरची वाट पाहायची सवय, तिथे आता पंचनाम्याची वाट पाहिली जाते. कधी कधी एकाच वर्षात दोन्ही.

हे नुसते आपल्या आठवणीचे खेळ नाहीत. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, आयआयटीएम. तिथल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवले की मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५१ ते २००० या काळात वाढत गेल्या. २०१७ मध्ये त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने १९५० ते २०१५ ची नोंद तपासली. मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस तिपटीने वाढल्याचे त्यांना दिसले. केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे: १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस एकूणात सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला. एकूण कमी, पण पडतो तेव्हा जास्त. कारण साधे आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. मोठी बादली, आणि ती रिकामी होते तेव्हा एकदम होते.

हे झाले मागचे. खालाचा प्रश्न पुढचा होता. पुढचे सांगायला मॉडेल लागते.

इथे एक घोळ आधी मिटवतो, कारण मित्रांशी बोलताना तो दर वेळी होतो. उद्या पाऊस पडेल का, हे सांगते ते हवामान अंदाजाचे मॉडेल. मे २०२५ मध्ये देशाने ६ किलोमीटर रिझोल्यूशनची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू केली, ती त्या कामासाठी. हवामान बदलाचे मॉडेल वेगळे. ते २०५१ च्या १२ सप्टेंबरला पाथर्डीत काय होईल हे सांगत नाही, सांगू शकतही नाही. ते सांगते की २०४० ते २०७० या तीस वर्षांत शंभर मिलीमीटरचे दिवस आजच्यापेक्षा किती वाढतील. फासा कुठला पडेल ते नाही, फासा किती वाकडा झाला आहे ते.

जगाचे मॉडेल पृथ्वीचे साधारण शंभर-दोनशे किलोमीटरचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनासाठी वारा, उष्णता, बाष्प यांची गणिते सोडवत शंभर वर्षे पुढे जाते. एवढ्या मोठ्या चौकोनात सह्याद्री दिसतच नाही. म्हणून प्रादेशिक मॉडेल. जगाच्या मॉडेलमधून दक्षिण आशियाचा तुकडा उचलायचा, त्याच्या सीमेवरची हवा जगाच्या मॉडेलकडून घ्यायची, आणि आत बारीक चौकोन पाडून पुन्हा गणित करायचे. दक्षिण आशियासाठी 'कॉर्डेक्स' नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात हे झाले आहे, आणि त्यात आयआयटीएमचा मोठा वाटा आहे. तिथे चालवलेले एक मॉडेल 'रेगसीएम'. त्याची देखभाल होते इटलीतल्या त्रिएस्तेच्या आयसीटीपी या संस्थेत. ही संस्था १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी उभी केली. गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांना मायदेश न सोडता जगाच्या बरोबरीने काम करता यावे, हा हेतू. आज संस्थेला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या स्वतःच्या देशाने त्यांच्याशी काय केले, हा वेगळा लेख होईल. रेगसीएमचा कोड खुला आहे, कोणीही डाउनलोड करू शकतो. बहुतेक फोर्ट्रानमध्ये आहे. आमच्या कॉलेजात ज्या भाषेची टिंगल व्हायची, तीच.

कॉर्डेक्सच्या फाइल्स मी उतरवल्या. पायथॉन येत असेल तर ते अवघड नाही. पहिला धक्का गणिताचा बसला. दक्षिण आशियासाठीची सुरुवातीची मॉडेले ५० किलोमीटरच्या चौकोनाची. एक चौकोन २,५०० चौरस किलोमीटरचा. आपला जिल्हा राज्यात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर. म्हणजे सगळा जिल्हा सात चौकोनांत संपला. नंतरच्या २५ किलोमीटरच्या मॉडेलांत सत्तावीस. आता अकोले तालुका डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेच्या टोकाला घाटघर, जिथे पावसाळ्यात हजारो मिलीमीटर कोसळतो. तिथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत अकोले गाव, जिथे त्याचा छोटासा हिस्साच पोचतो. मॉडेलसाठी हे दोन्ही एकाच चौकोनात, एकच पाऊस. १,६४६ मीटरचे कळसूबाई त्याच्या नकाशात एक सपाट उंचवटा असतो.

पश्चिमेचे तरी बरे. तिथला पाऊस डोंगराला थडकून पडतो, आणि चौकोन बारीक केले की डोंगर दिसू लागतो, पाऊस सुधारतो. खालाच्या भागाचे तसे नाही. पर्जन्यछायेतला आपला मोठा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबर-ऑक्टोबरात, बंगालच्या उपसागराकडून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याबरोबर, दुपारनंतर वर चढणाऱ्या गडगडाटी ढगांतून येतो. असा एक ढग काही किलोमीटर रुंद. गर्भगिरीच्या एका उतारावर दोन तासांत ओतून जातो आणि शेजारच्या गावात धूळ उडत असते. पंचवीस किलोमीटरच्या चौकोनाला हा ढग दिसत नाही. मग मॉडेल लिहिणारे एक ठोकताळा घालतात: चौकोनात इतकी उष्णता, इतके बाष्प असेल तर सरासरी इतका पाऊस पाडा. रेगसीएममध्ये असे ठोकताळे एकापेक्षा जास्त आहेत, आणि ठोकताळा बदलला की पाऊस बदलतो. सॉफ्टवेअरवाल्याला हे वाचून घाम फुटतो. एक कॉन्फिगरेशन बदलले आणि उत्तर बदलले!

आणखी एक जुनी खोड: ही मॉडेले रोज थोडा थोडा पाऊस पाडतात आणि खरा धो धो दिवस कमी दाखवतात. मागच्या नोंदींशी ताडून ती दुरुस्त करता येते, पण त्यात गृहीत असे की मॉडेलची आजची चूक पन्नास वर्षांनीही तशीच राहील. आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष यांच्या गटाने २०१७ मध्ये थेट विचारले होते की भारताच्या मोसमी पावसाबाबत प्रादेशिक मॉडेले त्यांना पोसणाऱ्या जागतिक मॉडेलपेक्षा काही जास्त सांगतात का. उत्तर फारसे सुखाचे नव्हते. चौकोन बारीक असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही. व्हॉट्सअॅपवर "तुमच्या गावाचा २०५० चा पाऊस" असा रंगीत नकाशा आला तर हे लक्षात ठेवा.

मग हे सगळे फेकून द्यायचे? आमच्या ग्रुपमध्ये एकाने तसे लिहिलेही. "शास्त्रज्ञांनाच माहीत नाही, मग अल्लाह बेहतर जाने." यावर माझे भांडण आहे. अल्लाह बेहतर जाणतो याबद्दल नाही. उंट बांधायचा की नाही, याबद्दल. मॉडेलांना आकडा नक्की माहीत नाही, पण दिशा माहीत आहे, आणि दिशेबद्दल भौतिकशास्त्र, मागची नोंद आणि बहुतेक मॉडेले एकाच बाजूला उभी आहेत. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार, जगाच्या जमिनीवर पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारा एका दिवसाचा मोठा पाऊस आजच १.३ पट वेळा येतो आहे. तापमानवाढ दोन अंशांवर गेली तर १.७ पट. ही जगाची सरासरी आहे, पाथर्डीची नाही. पण पाथर्डीसाठी यापेक्षा कमी धरा असे सांगणारा पुरावा मला कुठेच सापडला नाही.

आणि न वापरणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. आपण आकडा आजही वापरतोच, फक्त जुना. नाल्याचा पाइप किती रुंद, पुलाची मोरी किती मोठी, हे पूर्वीच्या पावसाच्या नोंदीवरून ठरते. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलीमीटर पाऊस धरून बांधलेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलीमीटर पडला. आपल्याकडे नदीला पूररेषा असते. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावे लागते. म्हणजे बघा, ओट्याच्या उंचीचा सरकारी आकडा अस्तित्वात आहे. पण तो कधीच्या पावसावरून काढला, हे सहसा कोणी विचारत नाही.

"पंचवीस वर्षांतून एकदा" हा शब्दप्रयोगही फसवा. लोकांना वाटते, आत्ता आला, आता पंचवीस वर्षे निश्चिंत. खरा अर्थ असा की दर वर्षी ४ टक्के शक्यता. त्या रेषेवर एक कुटुंब तीस वर्षे राहिले तर एकदा तरी पाणी बघण्याची शक्यता ७१ टक्के. आणि बदललेल्या पावसामुळे तोच पूर दहा वर्षांतून एकदा येऊ लागला, तर ९६ टक्के. रेषा जागच्या जागी. तिचा अर्थ तिच्याखालून निघून गेला.

इंग्लंडमध्ये नव्या वस्तीचे पावसाळी गटार आखताना भविष्यातल्या पावसासाठी ठरावीक टक्के जादा धरावेच लागतात. कित्येक वर्षे हा आकडा २० ते ४० टक्के होता. २०२२ मध्ये तो प्रत्येक नदीखोऱ्यासाठी वेगळा काढला, त्यांच्या मेट ऑफिसच्या २.२ किलोमीटरच्या प्रादेशिक मॉडेलवरून. एवढ्या बारीक चौकोनात गडगडाटी ढग ठोकताळ्याशिवाय दिसू लागतो. त्यांनाही नक्की आकडा माहीत नाही. त्यांनी एक पल्ला घेतला, आणि चूक महागात पडेल तिथे पल्ल्याचे वरचे टोक धरा असा नियम केला. आपल्याकडे बुद्धी किंवा संगणक कमी आहे असे नाही. आयआयटीएममध्ये बसवलेला 'अर्क' हा महासंगणक देशातल्या मोठ्यांपैकी आहे. २०१४ मध्येच राज्याच्या हवामान बदल आराखड्यासाठी टेरीने याच ब्रिटिश मेट ऑफिसबरोबर काम केले होते. कमतरता आहे ती त्या अभ्यासापासून गावच्या मोरीच्या पाइपापर्यंतच्या रस्त्याची.

आता अवघड भाग, जो टाळला तर हा लेख अप्रामाणिक होईल. समजा आपण मागणी केली आणि पूररेषा नव्या पावसाने पुन्हा आखल्या. रेषा वर सरकणार. वर सरकली की सर्वांत आधी कोण आत येणार? खाला. नदी-ओढ्याकाठी स्वस्त जागा मिळाली म्हणून जे वसले ते: आपले मोहल्ले, दलित वस्त्या, भटक्यांची पाले, काही ठिकाणी कब्रस्तानही. आणि "पूररेषेत आहे" हे वाक्य अतिक्रमण हटवण्याच्या नोटिशीत किती सहज बसते, हे सांगायला नको. माझ्या एका मित्राचे म्हणणे स्पष्ट होते: "तू त्यांच्या हातात जेसीबीची चावी देतोयस."

मी यावर खूप दिवस विचार केला. त्याची भीती खरी आहे. पण रेषा कागदावर आली नाही म्हणून पाणी थांबत नाही. ते रात्री येते आणि भिंतीवर स्वतःची रेषा काढून जाते. रेषा नसण्याचा फायदा खालाला मिळत नाही. तो मिळतो ओढ्यात भराव टाकून प्लॉट पाडणाऱ्याला. त्याच्या भरावाने पाणी तुंबते आणि ते तिच्या घरात जाते. म्हणून माझे मत असे: नव्या रेषा मागायच्याच, पण एका श्वासात तीन गोष्टी मागायच्या. रेषा सगळ्यांना सारखी, प्लॉटिंगवाल्यालाही. आधी पर्यायी घर, मग हलवणे. आणि हलवणे शक्य नाही तिथे जोते उंच करायला मदत. एकटी पहिली मागणी करणारा माणूस मित्राच्या शब्दांत खरोखरच चावी देतो.

जिल्ह्याचे नाव बदलले तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवसांत शेकडो मेसेज आले होते, माझेही त्यात होते. पूररेषेवर आजवर एकच आला आहे, तोही मीच टाकलेला, आणि त्याखाली दोन अंगठे आहेत.

खालाच्या गावात मी एका कार्यालयात गेलो होतो. प्रश्न साधा होता: या ओढ्याला पूररेषा आहे का, आणि मुख्य रस्त्याची मोरी तासाला किती मिलीमीटर पाऊस धरून बांधली? साहेब सज्जन होते, चहा दिला. उत्तर नव्हते. तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये लागतात, आणि ज्या कायद्यासाठी राळेगणसिद्धीतून उपोषणे झाली तो निदान आपल्या जिल्ह्यात तरी वापरला जावा. तुमच्याही गावात हेच दोन प्रश्न विचारा. स्थापत्यचा डिप्लोमा केलेला एक तरी मुलगा प्रत्येक मोहल्ल्यात असतो, उत्तर तपासून बघायला तो पुरे.

दुसरे काम याहून सोपे. गडगडाटी पाऊस एवढा स्थानिक असतो की कुठलेही मॉडेल जवळच्या नोंदीशिवाय दुरुस्त करता येत नाही. राज्यात महसूल मंडळ पातळीवर 'महावेध'ची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत, आणि मंडळात चोवीस तासांत ६५ मिलीमीटरच्या वर नोंद झाली तरच अतिवृष्टी मानून मदत ठरते. तुमच्या वाडीवर पडलेला पाऊस मंडळाच्या केंद्रावर पडलाच नसेल तर तो पडलाच नाही. हिवरेबाजारने कित्येक वर्षे स्वतःचा पाऊस स्वतः मोजला, त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि कुठले पीक घ्यायचे ते ठरवले. टंचाईसाठी जे जमले ते पुरासाठी का जमू नये? पर्जन्यमापक म्हणजे एक नरसाळे आणि खुणा केलेले एक भांडे. एक मिलीमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. दहा बाय दहा मीटरच्या छतावर शंभर मिलीमीटर पडला तर दहा हजार लिटर, एक मोठा टँकर. शाळकरी मुलांना हे गणित फार आवडते, मी करून पाहिले आहे.

खालाच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या गच्चीवर एक मापक बसवला आहे. मोअज्जन साहेबांना वाटले फज्र झाली की लगेच बघायचे. मग सांगितले की हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते, तेव्हा आपणही साडेआठलाच. शाळेला जाता जाता एक मुलगी वर चढते आणि वहीत लिहिते. शून्य असले तरी शून्य लिहायचे, हे तिला दोनदा सांगावे लागले.

आणि ओटा. मला आकडा सापडला नाही हे मी खालाला फोनवर सांगितले. मॉडेलांचा पल्ला सांगितला, इंग्लंडचे चाळीस टक्केही सांगितले. तिने ऐकून घेतले, मग म्हणाली की मिस्तरी कधीचाच येऊन गेला. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेपर्यंत बांधायला पैसे पुरणार नव्हते, म्हणून ओटा दोन फूट घेतला, आणि मशीनसाठी भिंतीत रेघेच्या वर एक हातावर कडप्प्याची फळी बसवली. आता मशीन वर चढवायला दोन माणसे लागतात. पावसाळ्यात ढग भरून आले की ती शेजारच्या पोराला आधीच बोलावून ठेवते.